गाळलेलं अर्धं पान

पुस्तक घेऊन सिनेमाला जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. इंटरव्हलमध्ये चाळायला म्हणून नव्हे. ज्या कादंबरीवर सिनेमा काढलाय तीच कादंबरी, खाकी कव्हर घातलेली, सोबत एक शिसपेन्सिल आणि बोटाएवढी बॅटरी. परभणीच्या टॉकीजमध्ये पडद्यावर नावं सुरू झाली की हे गृहस्थ बॅटरी दातांत धरायचे, पुस्तक मांडीवर उघडायचे, आणि एक डोळा पडद्यावर, एक डोळा पानावर असं काम सुरू व्हायचं. पडद्यावर पुस्तकातलं आलं की समासात बरोबरची खूण. पुस्तकातलं गाळलं की तीन फुल्या. आणि पुस्तकात नसलेलं काही आलं, की बॅटरी दातांतून निघायची आणि अंधारात खणखणीत आवाज यायचा, "हे न्हाई!"

मी पहिल्यांदा त्यांच्यासोबत गेले तेव्हा मला हे काही ठाऊक नव्हतं. आवाज आला तशी पुढच्या रांगेतला एक माणूस मागं वळला.

"काय न्हाई?"

"ही गाठभेट. पुस्तकात ह्यांची गाठच पडत न्हाई."

"मंग काय होतंय?"

"तो पत्र लिहितो. पान एकशे बारा."

"अन् ती?"

"ती उत्तर देत न्हाई."

पुढचा माणूस जरा विचारात पडला. मग म्हणाला, "काका, हेच बरंय मंग. भेटू द्या की त्यांला."

इंटरव्हलपर्यंत आजूबाजूच्या दोन रांगांचे दोन पक्ष झाले होते. एकाला खरी गोष्ट काकांकडून ऐकायची होती, दुसऱ्याला काकांना बाहेर काढायचं होतं. शेवटी डोअरकीपर आला आणि त्यांच्या तोंडावर स्वतःची बॅटरी मारून म्हणाला, "बॅटरी बंद करा, लोकांला तरास व्हायलाय." ह्यांनी डोळे मिचकावत अत्यंत नम्रपणे विचारलं, "आधी कुणी बंद करायची?"

सोनपेठच्या तहसील कचेरीत मी क्लार्क म्हणून लागले तेव्हा ते तिथं नक्कल विभागात होते. सगळी कचेरी त्यांना नक्कलवाले भाऊसाहेब म्हणायची. जुन्या कागदाची नक्कल मागायला लोक यायचे, भाऊसाहेब ती करून द्यायचे. आता झेरॉक्स आहे, स्कॅनिंग आहे, तरी निजामाच्या काळातले फाटके, पिवळे कागद मशीनवर ठेवले की त्यांचा भुगा होतो. ते हातानंच उतरवावे लागतात. उर्दूतले कागद वाचायला ते तरुणपणी एका पेन्शनर पेशकाराच्या, म्हणजे निजामाच्या कचेरीतल्या जुन्या कारकुनाच्या, ओट्यावर बसून शिकले होते. त्यांचं अक्षर असं, की नक्कल हातात पडल्यावर शेतकरी ती वाचायच्या आधी नुसती बघत राहायचा.

नक्कल झाली की रुजवात घ्यायची. म्हणजे एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवत जायचं. मी नवी, त्यामुळे वाचायचं काम माझ्याकडे. पहिल्याच दिवशी मी एक वाक्य वाचून पुढं गेले, तर ते बोट थांबवून बसलेले.

"पुढं वाचा ना," असं मी म्हणणार, तोच ते म्हणाले, "ताई, तुमी पूर्णविराम वाचला न्हाई."

"तो काय वाचायचा भाऊसाहेब?"

"तो बी लिहिणाऱ्यानंच दिलाय की. आपल्या घरचा हाय का?"

तेव्हापासून मी स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस सुरू, कंस बंद, सगळं वाचायला लागले. घरी आईशी फोनवर बोलताना एकदा तोंडातून "पूर्णविराम" निघून गेलं.

त्यांचा नियम सोपा होता. कागद फाटला असेल तर तिथं "मूळ फाटलेले" असं लिहायचं आणि फुल्या मारायच्या. काय असेल ते कितीही उघड दिसत असलं तरी आपल्या मनानं भरायचं नाही. "गाळलेलं चालतंय," ते म्हणायचे, "बदललेलं चालत न्हाई. गाळलं तर वाचणाऱ्याला कळतंय की हितं कायतरी होतं. बदललं तर त्याला कळतच न्हाई, की आपल्याला फसवलंय."

हाच नियम ते सगळ्या जगाला लावायचे. शिपाई जेवणाच्या सुट्टीत खबर घेऊन यायचा, की अमक्याच्या पोरीनं पळून जाऊन लगीन केलं. भाऊसाहेब डब्यातून मान वर न काढता विचारायचे, "रुजवात घेतली का?" शिपाई म्हणायचा, "बसस्टँडवर समदे बोलायलेत." "ती नक्कल झाली. मूळ कुणी पाहिलं?" त्यामुळे आमच्या कचेरीत अफवा फार दिवस टिकायची नाही. त्यांना एकच विनोद सांगता यायचा, तोही दर वेळी त्याच शब्दांत. मधे एक शब्द चुकला की "थांबा" म्हणून पहिल्यापासून सुरू करायचे. लोक हसायचे ते बहुतेक त्या "थांबा"लाच.

पण खरा जीव अडकलेला कादंबरीवरून काढलेल्या सिनेमात. असा सिनेमा लागला की रविवारी एसटीनं परभणी. मालिका असेल तर रोज वहीत नोंद. नायिकेचा भाऊ पुस्तकात धाकटा आणि मालिकेत थोरला दाखवला म्हणून त्यांनी मालिकावाल्यांना चक्क दुरुस्तीचा अर्ज पाठवला होता, विषय आणि संदर्भ घालून, "तरी योग्य ती दुरुस्ती करून अर्जदारास कळवावे" असा शेवट करून. उत्तर आलं नाही. त्यांनी स्मरणपत्र पाठवलं.

त्या पहिल्या सिनेमाहून परत येताना एसटीत मी त्यांच्याशी भांडले होते. मला सिनेमा आवडला होता.

"भाऊसाहेब, दोनशे पानं दोन तासांत शब्दाला शब्द कशी बसतील?"

"न्हाई बसत, तर काढू नका शिनेमा. कुणी सांगितलंय?"

"पण पुस्तकात लिहिलंय की त्याला दुःख झालं. सिनेमात दुःख दाखवायला काहीतरी करावंच लागणार की. बदलावंच लागणार."

"दाखवा की. पण ती न भेटल्याचं दुःख हाय, अन् तुमी दोघांची भेट घालून देताय. मंग दुःख कशाचं?"

ते खिडकीतून बाहेर बघत होते. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "जित्या माणसाबद्दल कुणी खोटं बोललं तर त्याला भांडता येतंय ताई. पुस्तकाला तोंड हाय का? अन् लिहिणारा मेला असंल तर त्याच्या वतीनं कुणी भांडायचं?"

मला तेव्हा वाटलं, ह्या माणसाला पुस्तकांचं फारच वेड आहे. त्या बोलण्यात आणखी काही होतं, हे मला पुढं दोन वर्षांनी राणीसावरगावच्या माळावर कळलं.

त्यांच्या नोकरीची सुरुवात पूर्णा तालुक्यात झाली होती. तिथं ताडकळसला एक गुरुजी होते. शाळेत शिकवायचे आणि घरी लिहायचे. त्यांनी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, दीडशे पानांची. मेंढ्या-शेळ्या राखणाऱ्या घरातल्या एका मुलीची गोष्ट. ती सतरा वर्षांची होते, तिचं लग्न ठरतं, आणि तिच्यामागं कळप राखायला कुणी नाही म्हणून बाप सगळा कळप व्यापाऱ्याला देऊन टाकतो. त्यात तिनं हातानं दूध पाजून वाढवलेली एक तांबडी शेळीही जाते. एवढीच गोष्ट. पण गुरुजींचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. छापणाऱ्यानं हस्तलिखित परत पाठवलं, स्वच्छ प्रत द्या म्हणून. तेव्हा कुणीतरी ह्या तरुण नक्कलवाल्याचं नाव सुचवलं. चार महिने दर रविवारी भाऊसाहेब ताडकळसला जायचे, गुरुजींच्या ओसरीवर बसून कादंबरी उतरवून काढायचे, आणि गुरुजींच्या बायकोच्या हातचं, म्हणजे वहिनींच्या हातचं, जेवून परत यायचे.

पुस्तक छापून आलं. फार खपलं नाही, पण ज्यांनी वाचलं त्यांनी जपून ठेवलं. शेवटचं पान विशेष गाजलं. कळप घेऊन ट्रक निघतो, आणि तिथं लिहिलंय: "ती ओरडली नाही. ट्रकची धूळ खाली बसेपर्यंत ती माळावर उभी राहिली." आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही साहित्यप्रेमी माणसाला हे वाक्य पाठ. गुरुजी वारले तेव्हा शोकसभेत तीन वक्त्यांनी हेच म्हणून दाखवलं.

आणि आता ह्या कादंबरीवर सिनेमा निघत होता.

बातमी कळली त्या दिवशी भाऊसाहेबांनी डबा उघडला नाही. दिग्दर्शक तिशीतला पोरगा होता, पुण्यात शिकलेला, पण मूळचा ताडकळसचा, गुरुजींच्याच हाताखाली चौथी पास झालेला. भाऊसाहेबांनी त्याचा पत्ता मिळवला आणि फुलस्केपच्या चार पानांचं पत्र धाडलं. "विषय : कादंबरीच्या मूळ मजकुरात संभाव्य अनधिकृत बदलांबाबत." खाली सतरा मुद्दे, प्रत्येकाला पानाचा क्रमांक. शेळी तांबडीच पाहिजे, पान नऊ. बापाच्या खांद्यावर घोंगडी डाव्या बाजूला, पान एकतीस.

मला वाटलं, ह्याही पत्राला उत्तर येणार नाही. तर चौथ्या दिवशी त्या पोराचा फोन आला. "काका, तुमी लांबून कशाला लिवायलेत? शूटिंगलाच या की."

आणि भाऊसाहेबांनी रजा टाकली. कचेरीत खळबळ. ह्या माणसानं स्वतःच्या लग्नालासुद्धा अर्ध्या दिवसाची टाकली होती असं शिपाई सांगायचा. (रुजवात मी घेतलेली नाही.) शूटिंग राणीसावरगावजवळच्या माळावर होतं. मी शनिवारी सुट्टी बघून गंगाखेडवरून जीपनं तिथं पोचले, तेव्हा भाऊसाहेबांना तिथं पाच दिवस झाले होते आणि सगळं युनिट त्यांना बघून वाट बदलत होतं.

घोंगडी डाव्या खांद्यावर गेली होती. काळी शेळी दोन दिवस सराव करून त्या कॉलेजातल्या पोरीला, म्हणजे नायिकेला, चांगली रुळली होती. भाऊसाहेबांनी पान नऊ काढलं. मग गावातून तांबडी शोधून आणली, आणि तिनं आल्या आल्या नायिकेला ढुशी दिली. दिग्दर्शक मात्र एकदाही चिडला नाही. "काका सांगतेत ते बरोबर हाय," म्हणायचा आणि करायचा. मला भाऊसाहेब इतके खूश कधीच दिसले नव्हते. उन्हानं चेहरा रापलेला, डोक्याला रुमाल, आणि बोलण्यात "आमचा शिनेमा".

त्या दिवशी शेवटचं पान होतं. जुना ट्रक आणून उभा केला होता. फळी लावून मेंढ्या वर चढवत होते. दिग्दर्शक नायिकेला समजावत होता, "ट्रक सुरू झाला की तू तिकडून पळत यायचं. मोठ्यानं ओरडायचं. अन् ट्रकपुढं आडवं पडायचं."

"थांबा," भाऊसाहेब म्हणाले.

सगळे थांबले. पाच दिवसांत सवय झाली होती.

"पान एकशे सत्तेचाळीस. ती ओरडली नाही."

"ठाऊक हाय काका. पण हे मी बदललंय."

"बदललंय?"

"हां."

"शेळीचा रंग पाळलास, घोंगडीचा खांदा पाळलास, अन् हे बदलायलास? अरे, ह्या एका वाक्यासाठी लोकांनी पुस्तक उशाशी ठेवलंय. तिचं गप राहणं हेच तर सगळं पुस्तक हाय!" त्यांचा आवाज चढला होता. "हे मी होऊ देणार न्हाई. मी ट्रकपुढं झोपतो, मंग काढा शिनेमा."

कुणीतरी हसलं. दिग्दर्शक हसला नाही. "काका," तो म्हणाला, "मला काकूंनीच सांगितलं, ती ओरडली होती मनून."

"काकू म्हंजे?"

"गुरुजींच्या घरून. आज यायल्यात त्या. ह्याच सीनसाठी बोलावलंय."

"वहिनींनी सांगायला वहिनींनी लिहिलंय का पुस्तक?"

तेवढ्यात पुतण्याच्या मोटरसायकलवरून वहिनी आल्याच. सत्तरीच्या, उंच, काटक, डोक्यावरून पदर, पायांत पुतण्याच्याच असाव्यात अशा मोठ्या चपला. भाऊसाहेब तरातरा त्यांच्याकडे गेले, सुप्रीम कोर्टच आल्यासारखे.

"वहिनी, बरं झालं आलात. आता तुमीच सांगा ह्या पोराला. ती पोरगी वरडायली म्हणं ह्याच्या शिनेमात!"

"मंग वरडू द्या की," वहिनी म्हणाल्या. "वरडलेच होते मी."

"तुमी?" भाऊसाहेब म्हणाले.

"मंग कोण? माझ्याच बापाचा कळप होता. हितंच, ह्याच शिवारात. मी ट्रकपुढं आडवी पडले. शेळी खाली घेतली तवाच उठले. तीच शेळी घेऊन बैलगाडीत बसून सासरी आले मी. ताडकळसात पुढं आठ वर्सं होती ती."

मी भाऊसाहेबांकडे बघत होते. मला वाटलं, आता ते म्हणतील, आयुष्यात काय झालं त्याचा पुस्तकाशी संबंध नाही, पुस्तक ते पुस्तक. तसं म्हटलं असतं तर कुणाला खोडता आलं नसतं. पण त्यांनी चष्मा काढला. बांधावरच्या एका दगडावर हळूच बसले. आणि मग माझ्या कानांवर विश्वास बसेना असं बोलले.

"वहिनी, ते माझं काम हाय."

"काय?"

"गुरुजींनी वरडली असंच लिवलं होतं. पुढं अर्धं पान होतं, ट्रकपुढं पडली ते. मी उतरवताना 'नाही' हा शब्द माझ्या मनानं घातला. अर्धं पान गाळलं. ते धुळीचं वाक्य..." हातातला चष्मा त्यांनी परत घातला. "ते वाक्य माझं हाय."

शोकसभेतले तीन वक्ते माझ्या डोळ्यांपुढं उभे राहिले.

"मी तरुण होतो वहिनी. चार महिने त्या पोरीबद्दल लिवत होतो. मला वाटलं, इतकी चांगली पोरगी, चारचौघांत अशी आडवी पडती का? मला ती गप उभी दिसली. लय छान दिसली. अन् हात तसाच चालला. मला वाटलं गुरुजी वाचतील, रागावतील, मी पान परत लिवून देईन. ते कायच बोलले न्हाईत. त्यांला दिसलंच न्हाई. मंग पुस्तक आलं, लोक तेच वाक्य वाचायले, अन् मला तोंड उघडता येईना."

मला एसटीतलं ते बोलणं आठवलं. इतकी वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या पुस्तकांसाठी का भांडत होता, ते मला त्या दगडाजवळ उभं राहून कळलं.

वहिनी त्यांच्यासमोर उभ्या होत्या. मग पदर सावरून त्याही शेजारच्या दगडावर बसल्या.

"दिसलं न्हाई कसं? त्याच दिशी दिसलं त्यांला. हसत आत आले. मला मनले, ह्या पोरानं माझी बायको गप केली. मला वीस वर्सांत जे जमलं न्हाई ते ह्यानं एका शब्दात केलं."

युनिटमधली सगळी माणसं एकदम हसली. भाऊसाहेबांनाही हसू फुटलं, पण डोळे भरलेले.

"मंग बदललं कामून न्हाई त्यांनी?"

"मनले, चांगलं झालंय, राहू दे. पुस्तकात बाई गप शोभती." वहिनींनी एक काडी उचलून मोडली. "मी मनलं, शोभत आसंल. पन मंग ती मी न्हवं. पोरीकडून वाचून घेतलं होतं मी सगळं. शेवटचं पान आलं अन् मला वाटलं, माझं वरडनं कुठं गेलं? सगळ्या जन्मात येकदाच वरडले होते मी तेवढ्या मोठ्यानं. ते बी कुणाला ठाऊक न्हाई."

"चुकलं वहिनी," भाऊसाहेब म्हणाले. "दर संक्रांतीला तुमच्या घरी जेवलो. कधी बोलला न्हाईत."

"तुमाला कुठं ठाऊक होतं ती मी हाय मनून? अन् अक्षर लय चांगलं होतं तुमचं."

दिग्दर्शक पुढं आला. "काकू, तुम्ही नेमकं काय ओरडला होता? मी माझ्या मनानं डायलॉग लिहिलाय, पण..."

वहिनींनी आठवून बघितलं. "पन्नास वर्सं झाली बाबा. राग ध्येनात हाय, शब्द न्हाईत. लगीन झाल्यावर यांना सगळं सांगितलं होतं, ते त्यांनी लिवून ठेवलं. पन ती वही वाळवीनं खाल्ली."

"मला ध्यानात हाय," भाऊसाहेब म्हणाले.

ते उठले. डोळे मिटले. आणि रुजवातीला वाचावं तशा सपाट, एकसुरी आवाजात म्हणू लागले:

"ती ओरडली, पूर्णविराम. खाली घे तिला, उद्गारचिन्ह. ती इकायची न्हाई, उद्गारचिन्ह. ती माझी हाय, स्वल्पविराम, माझ्या बापाची न्हाई, उद्गारचिन्ह. ड्रायव्हर हसला, पूर्णविराम. तशी ती ट्रकपुढे आडवी पडली, पूर्णविराम. बापाने काठी उगारली, पूर्णविराम..."

"पन मारली न्हाई त्यानं," वहिनी एकदम बोलल्या. "ते लिवलं होतं का?"

"लिवलं होतं. काठी वरच राहिली, पूर्णविराम."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. "आसंच," त्या म्हणाल्या. "आगदी आसंच झालं होतं."

सगळं अर्धं पान त्यांनी म्हटलं. त्यांच्याच हातानं गाळलेलं, त्यांच्याखेरीज जगात कुणाकडेच नसलेलं. दिग्दर्शकानं गुडघ्यावर कागद ठेवून लिहून घेतलं, आणि भाऊसाहेबांनी ते परत वाचून दाखवायला लावलं.

मग सीन घ्यायला सुरुवात झाली. नायिका गुणी होती, पण शहरात वाढलेली. तिचं ओरडणं म्हणजे रिक्षा थांबवायला मारलेली हाक. एकदा घेतलं, दोनदा घेतलं, तीनदा घेतलं. दिग्दर्शक म्हणायचा, "अजून पोटातून." ती बिचारी रडकुंडीला आली. वहिनी दगडावर बसून बघत होत्या. चौथ्या वेळी ट्रक सुरू झाला, ती पोरगी पळाली, तोंड उघडलं, आणि आवाज फुटायच्या आत वहिनी उठल्या.

"खाली घे तिला! ती इकायची न्हाई! ती माझी हाय, माझ्या बापाची न्हाई!"

असा आवाज मी पुन्हा ऐकलेला नाही. पलीकडच्या शिवारात काम करणारी माणसं उभी राहिली. ट्रकच्या ड्रायव्हरनं खरंच ब्रेक मारला. आणि फळीवरच्या मेंढ्यांनी एकदम उड्या टाकल्या, खालचा कळप उधळला, आणि पाहता पाहता सगळा सिनेमा माळभर पांगला. कॅमेरावाला ओरडतोय, मेकअपवाली छत्री घेऊन एका एडक्यामागं धावतेय, आणि सगळ्यांच्या पुढं, रुमाल उडालेला, पंचावन्न वर्षांचे भाऊसाहेब, मोठ्यानं हसत, तांबड्या शेळीच्या मागं. आयुष्यात मी त्यांना त्याआधी पळताना पाहिलं नव्हतं.

आवाज टिपणारा पोरगा एकटाच जागेवर होता. कानांवरचे हेडफोन काढून तो दिग्दर्शकाला म्हणाला, "सर, मिळाला. हाच ठेवायचा."

संध्याकाळी निघताना भाऊसाहेब वहिनींना म्हणाले, छापणाऱ्याला पत्र लिहितो, सगळं कबूल करतो, नव्या आवृत्तीत ते अर्धं पान घालायला लावतो. मजकूर मनात तयारही होता, विषय आणि संदर्भासकट. वहिनींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"नका करू. त्यांनी ठेवलं मनल्यावर ते त्यांचंच झालं. पुस्तक त्यांचं राहू द्या. शिनेमा माझा."

माणूस ह्यानंतर बदलला का, तर फारसा नाही. सोनपेठला परत आल्यावर सोमवारी त्यांनी माझ्या एका नकलेत राहिलेला अनुस्वार काढून दाखवला. पण एखाद्या सिनेमात पुस्तक बदललेलं दिसलं, की आता ते आधी म्हणतात, "ताई, ह्यानं कुणाला इचारून बदललंय ते बघाया पाहिजे." मग पुढं भांडतात.

माझी बदली झाली त्याच्या आदल्या महिन्यात सिनेमा तयार झाला. दिग्दर्शकानं पहिला खेळ ताडकळसला ठेवला, मंगल कार्यालयात, दुपारी, खिडक्यांना सतरंज्या लावून. सगळं गाव आलं होतं. पुढच्या ओळीत वहिनी, त्यांच्या शेजारी भाऊसाहेब, मागं मी. शेवटचा सीन आला. ट्रक निघाला, ती पोरगी पळाली, आणि कार्यालयाच्या पत्र्याला वहिनींचा आवाज भिडला. बायकांच्या बाजूनं कुणीतरी "आगं बया" म्हणालं, आणि मग टाळ्या. खूप वेळ टाळ्या.

वहिनी खुर्चीत अवघडून बसल्या होत्या. इकडं तिकडं बघत, पदराआडून, त्यांनी हळूच विचारलं, "लय मोठ्यानं वरडले का वो मी?"

"न्हाई वहिनी," भाऊसाहेब म्हणाले. "आजून थोडं चाललं असतं."